डब्याची राखण

३ ऑगस्ट, रविवार

ही डायरी दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिली. गेल्या वर्षाची आहे, म्हणून फुकट. छापलेला वार एक दिवस मागे चालतो. आज छापलंय शनिवार. खोडून रविवार केला. दुसरी शिकलेय, पण छापणाऱ्यापेक्षा मला जास्त कळतं.

लिहायचं कारण, आमचा नंदू म्हणाला, आई, डब्यावर लक्ष ठेव, कोण येतं कोण जातं बघ. माझ्या सगळं ध्यानात राहतं. तरी लिहिते. शेजारची मालन म्हणाली, बोलायला माणूस नाही म्हणून लिहितेस. मालन साताऱ्याकडची, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. तोंड म्हणजे गिरणीचा भोंगा. मी म्हटलं, बाय माझे, बोलणारी माणसं मला पुष्कळ. गप्प बसणारं एखादं असेल तर दे पाठवून.

डबा म्हणजे काय तेही लिहून ठेवते. नंदू इथे गोरेगावातच एका स्टुडिओत ड्रायव्हर. तिथे एका पिक्चरसाठी चाकांवरचं घर बनवलं. हिरो त्यात राहणार आणि देशभर फिरणार. पिक्चर बंद पडला, हिरो दुसरीकडे गेला, घर उरलं. स्टुडिओत ठेवायला जागा नाही. आमच्या बैठ्या चाळीला लागून, शिवदासच्या तबेल्याच्या वरच्या अंगाला मोकळी जागा आहे. नंदू म्हणाला, आठ दिवस ठेवतो. तेव्हा होळी व्हायची होती. आता नारळी पौर्णिमा आली.

माझ्या खिडकीतलं ऊन या धुडाने खाल्लं. पापड घालायला जागा नाही. नंदूला सांगणार, उचल हे इथून.

नंदू मला बघायला येतो, रविवारी. डबा इथेच आहे म्हणून जाता जाता तोही बघून घेतो.

४ ऑगस्ट, सोमवार

डब्याची चावी माझ्याकडे. आज झाडून काढला. आत सगळं खोटं. शेगडी आहे, गॅस नाही. नळ आहे, पाणी नाही. फ्रिज प्लायवूडचा, त्याला पाठच नाही. तिथून कॅमेरा बघतो म्हणे. फ्रिजचं दार उघडलं की दूध, लोणी काही नाही, थेट शिवदासची म्हैस दिसते. पलंग तेवढा खरा, फोमचा. बसून पाहिला. डोळा लागला, उठले तो दिवे लागले होते. फोम कुठे बसलाय का ते असं झोपूनच कळतं.

नंदू आणि त्याची बायको प्रेमा मुलुंडला ब्लॉकमध्ये गेली. नात कमलही तिकडेच. मला चल म्हणणारच होती. मीच आधी सांगून टाकलं, मला इथे बरं. विचारायच्या आधी नाही म्हटलं की माणसाचा मान राहतो.

१० ऑगस्ट, रविवार

आज मोठं काम झालं. नंदूचा क्लीनर पळाला, म्हणून मी उभी राहिले.

डबा आपल्या पायाने जात नाही. त्याला घोडा लागतो. घोडा म्हणजे ट्रकचं नुसतं तोंड, पाठ उघडी. पाठीवर काळा लोखंडी तवा, तव्याला मागून खाच. डब्याच्या नाकाखाली एक जाड खिळा लोंबतो. घोडा मागे मागे येतो, तवा नाकाखाली शिरतो, खिळा खाचेत जातो, आतला जबडा मिटतो. खाट. नंदू म्हणाला, साहेबलोक या तव्याला पाचवं चाक म्हणतात. मी वाकून बघितलं. चाक कुठेच नाही. साहेबलोकांना कोण विचारणार.

नंदूने नियम सांगितले. डब्याच्या चाकांना आधी दगड. जागा सपाट दिसते पण तबेल्याकडे उतरती आहे, सांडलेलं पाणी तिकडेच पळतं. घोडा आणि डबा यांच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. ड्रायव्हरला आरशात दिसत राहायचं. दिसलो नाही की गाडी थांबते. आणि सगळ्यात मोठा नियम, खाट वाजलं म्हणजे जोडलं असं धरून चालायचं नाही. दगड तसेच ठेवून घोड्याला पुढे हिसका द्यायचा. डबा धरून राहिला तर जोडलं. मग नळ्या, वायरी. मग डब्याचे पुढचे लोखंडी पाय हँडलने वर. दगड सगळ्यात शेवटी.

मी बाजूला उभी राहून हात केला. येऊ दे, येऊ दे, डावीकडे, मेल्या डावीकडे, बस. एका दमात बसलं. नंदू म्हणाला, आई, आरशात अशीच दिसत राहा म्हणजे झालं. म्हणजे माझं तोंड बघितल्याशिवाय त्याचं चालत नाही. प्रेमाला हे कुणीतरी सांगायला हवं.

ऊन अडतं ते सांगायचं राहिलं. पुढच्या खेपेला.

११ ऑगस्ट, सोमवार

मालनला जोडणी शिकवली. पाट म्हणजे तवा, कळशी म्हणजे डबा. तिला म्हटलं, पाट धरून मागे ये. ती आली आणि कळशीवर बसली. म्हणाली, म्हातारे, तुला डब्याचं वेड लागलंय. वर म्हणाली, नंदू डब्यासाठी येतो हे तुलाही ठाऊक आहे. डबा नव्हता तेव्हा किती वेळा आला होता?

तिच्याशी बोलणं बंद. कायमचं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मालनकडून साखर आणली. बोलले नाही. वाटी पुढे केली फक्त.

१७ ऑगस्ट, रविवार

शूटिंग नव्हतं. नंदू आला नाही. मुलुंड काय जवळ आहे? दोन बस, मध्ये तासभर उभं राहायचं. एका सुट्टीच्या दिवशी माणसाने झोपायचं नाही का?

श्रावण आहे म्हणून मासळी नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, आंबोळ्या केल्या. दोन माणसांच्या. वाया घालवायची सवय नाही, दोघांचं जेवले. पोट दुखलं. वाटाणे जुने असणार.

ठरवलं. पुढच्या रविवारी वाट बघायची नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

वाट बघितली नाही. सकाळपासून ओट्यावर बसले होते, ते तांदूळ निवडायला. नंदू आला, डबा जोडला, घेऊन गेला, संध्याकाळी परत आणला.

आज सोडणी शिकले. नंदू म्हणतो, सोडताना जास्त जपायचं. जोडताना चुकलं तर जोडलं जात नाही, तेवढंच. सोडताना पाय नीट टेकले नाहीत आणि घोडा निघाला, तर डबा नाकावर आपटतो. आधी दगड, मग पाय, पायांखाली फळ्या, मग नळ्या-वायरी, मग जबड्याचा दांडा ओढायचा, आणि घोडा हळू पुढे. एकदम नाही. थोडा जाऊन थांबायचं, डबा आपल्या पायावर उभा आहे ना बघायचं, मग निघायचं.

काम झाल्यावर नंदू माझ्याकडे जेवला आणि खाटेवर आडवा झाला. कधी नव्हे तो घोरला. घोडा दारात उभा. त्याचा तो तवा बघितला आणि अंगावर काटा आला. बोटभर काळा तेलकट थर, धूळ, पाला, एक मेलेलं झुरळ. म्हटलं, माझा झिल या घाणीत काम करतो. राख घेतली, काथ्या घेतला, रॉकेल घेतलं. तासभर घासलं. पितळेच्या ताटासारखा नाही, पण तोंड दिसेल इतका लख्ख केला.

नंदूला सांगितलं नाही. बघेल तेव्हा खूश होईल.

३१ ऑगस्ट, रविवार

नंदू खूश झाला नाही. ते ग्रीस होतं. तव्यावर ग्रीस लागतंच, नाहीतर लोखंडावर लोखंड घासतं, वळताना गाडी ओरडते आणि वळत नाही. दुसरा एक ट्रेलर ओढताना सगळ्या युनिटसमोर ओरडली म्हणे. मॅनेजरनेही ओरडून घेतलं.

मी म्हटलं, ग्रीस मुद्दाम लावता तर झाकून ठेवा. उघड्यावर ठेवलेलं मी काय समजू? नंदू म्हणाला, आई, तू कशाला हात लावू नकोस. मी म्हटलं, नाही लावत.

मला कुठे हौस आहे.

७ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी

आमचा गणपती देवगडला, दिराच्या घरात. नंदू प्रेमाच्या माहेरी ठाण्याला. मी मोदक केले. माझ्या खोलीत अंधार, म्हणून डब्यात नेऊन खाल्ले. तिथे टेबल आहे. समोरासमोर दोन बाकं आहेत. एका बाकावर मी बसले.

म्हशीला एक दिला, फ्रिजमधून.

२१ सप्टेंबर, रविवार

नंदू आला. दसऱ्याला डबा मढच्या किनाऱ्यावर न्यायचाय, दुसऱ्या दिवशी तिथे शूटिंग. मी म्हटलं, दसऱ्याला गाडीची पूजा झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तो म्हणाला, पूजा स्टुडिओत होते सगळ्या गाड्यांची. मी म्हटलं, घोड्याची होत असेल. डब्याची कोण करतं? डबा इथे राहतो, त्याची पूजा इथे. प्रेमाला आणि कमलला घेऊन ये. तो म्हणाला, बघतो.

बघतो म्हणजे हो. त्याचा बाप पण असंच म्हणायचा.

५ ऑक्टोबर, रविवार

डबा वर्सोव्याला जाऊन आला. कोळीवाड्याजवळ दिवसभर उभा होता, सगळ्या पडद्यांना सुक्या बोंबलांचा वास. नंदू म्हणाला, धुवायला हवं. मी म्हटलं, राहू दे, मी बघते.

दुपारी आत जाऊन बसले. डोळे मिटले की आमचा किनारा. वास जातोय की नाही ते बघायला बराच वेळ बसावं लागलं. नाही गेला. पडदे धुतले नाहीत. पाण्याची टंचाई आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या दसरा. झेंडू आणला. आंब्याची पानं आणली. कमलसाठी फ्रॉकचं कापड गेल्या वर्षी घेतलं होतं, ते काढून ठेवलं. तिला आता लहान होईल, तर बाहुलीला होईल. कोंबडीची सागुती आणि वडे उद्या.

नंदूने निरोप पाठवला, घाईत असेन, आलो की लगेच जोडून निघणार. म्हणून सगळं तयार ठेवायचं मी ठरवलं. घाई असली की माणूस बसत नाही. घाई नसली की बसतो. माझ्या तयारीने त्याची घाई संपेल, आणि मग बसतील सगळी टेबलाभोवती. डब्यातच वाढते. प्रेमाला टेबलाची सवय आहे.

मालन म्हणाली, हात लावू नकोस म्हणाला ना नंदू? मी म्हटलं, पूजेला हात लागतोच. पूजा काय तोंडाने करायची, तुझ्यासारखी?

१२ ऑक्टोबर, रविवार. दसरा. सकाळी

सात वाजता सगळं तयार. चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं, गाडी निघाली की ते फुटतं, नजर जाते. लिंबं चांगली टपोरी मिळाली. चाकाशी दगड होते. दगड आणि लिंबू दोन्ही बसेनात. म्हणून दगड काढले, त्यांच्या जागी लिंबं लावली. शिवदासची पहार आणली होती. सगळे मीच काढले, कंबर धरली.

दगड काढल्यावर जरा थांबून बघितलं. डबा जागचा हलला नाही. म्हणजे इतके दिवस दगड उगाचच होते.

दगड धुतले, हळद-कुंकू लावलं, ओट्याशी ओळीने मांडले. त्यांनीही काम केलंय. डब्याच्या नाकाला हार. हँडलला हार. खिळ्याला कुंकू. ग्रीसला हात लावला नाही. वचन म्हणजे वचन.

मालन पांढरं पातळ नेसून विहारात गेली. तिचाही आज सण. जाताना म्हणाली, डबा नवरीसारखा दिसतोय. पहिल्यांदा धड बोलली.

१२ ऑक्टोबर. संध्याकाळी

झालं ते लिहिते.

नंदू एकटा आला. प्रेमाकडे पाहुणे. कमलचा घसा बसला. घोड्यातून उतरला नाही, खिडकीतूनच म्हणाला, आई, दगड वगैरे सगळं नीट आहे ना? मी म्हटलं, सगळं तयार आहे. खोटं बोलले नाही. तयारच होतं.

मी आरशात दिसेन अशी उभी राहिले. येऊ दे, येऊ दे. तवा नाकाखाली गेला, खिळ्याला टेकला. खाट वाजलं नाही. डबा हलला. मला वाटलं, नमस्कार करतोय. डब्याच्या पायांना खाली छोटी लोखंडी चाकं आहेत, ती फळ्यांवरून उतरली आणि डबा मागच्या मागे निघाला. हार घालून. मी ओरडले, बस, बस! घोडा थांबला. डबा थांबला नाही.

तबेल्याच्या शेणाच्या ढिगात मागचं अंग रुतलं तेव्हा थांबला. पुढचे पाय वाकले, नाक खाली टेकलं. फ्रिज दारातून बाहेर आला. टेबलावरचं सगळं जेवण आत भिंतीला. म्हशी उधळल्या, पण कुणाला खरचटलंही नाही. शिवदास धावत आला, हात जोडून कुणाला तरी शिव्या घालत होता. देवाला की मला, कळलं नाही.

लिंबं सगळी फुटली. पूजा तरी पुरी झाली.

नंदू उतरला तो आधी माझ्याकडे आला. दंड धरला. आई, तू मध्ये असतीस तर? असं दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणणार होता, तेवढ्यात त्याला ओट्याशी मांडलेले दगड दिसले. कुंकू लावलेले. मग तो ओट्यावर बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला काही बोलता आलं असतं.

दंडाला बाम लावला. फार जोरात धरला मेल्याने.

आपट्याची पानं द्यायची राहिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नीट विचार केला. चूक उताराची आहे. जागा निवडली नंदूने. शिवदासने शेण इतकं वर रचायला नको होतं. शेण नसतं तर डबा सरळ खालच्या रस्त्यावर गेला असता हे मालनचं म्हणणं. ती म्हणाली, लिंबाने चाक अडलं असतं तर लोकांनी ब्रेक कशाला बसवले असते, सरबत पिऊन घाट उतरले असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतेय.

शिवदासची एक म्हैस दूध देत नाही. तीच, मोदकवाली. मी जाऊन तिच्याशी बोलून आले.

१९ ऑक्टोबर, रविवार

क्रेन आली. डबा ओढून जागेवर उभा केला. पाय सरळ केले. नंदूबरोबर स्टुडिओचा मॅनेजर होता, गॉगलवाला. तो म्हणाला, इथे ठेवायचा नाही, भिंतीच्या आत हवा, राखण हवी. नंदू म्हणाला, आमच्या मुलुंडला घराजवळच एक गोदाम आहे, आवार आहे, गेट आहे. मॅनेजर म्हणाला, मग रविवारी हलव.

नंतर नंदू मला म्हणाला, आई, सुटलीस बघ. खिडकीत ऊन येईल आता. त्याचं बोलणं आडून असतं, बापासारखं. राखण हवी, असं मॅनेजर म्हणाला ना? डब्याची राखण कोण करतं? कुठला नळ खोटा, कुठलं दार अडतं, कुणाला माहीत आहे? डबा मुलुंडला म्हणजे मी मुलुंडला. मॅनेजरसमोर कसं बोलेल बिचारा.

मला जायचं नाही. पण तो आग्रह करणार.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

नाही कसं म्हणायचं ते ठरवलं. आधी म्हणायचं, माझं इथे सगळं आहे. तो म्हणेल, काय आहे? मग म्हणायचं, तुळस आहे, मालन आहे. तो म्हणेल, मालन काय कामाची? मग मी थोडं थांबायचं. मग म्हणायचं, बघते. बघते म्हणजे हो, हे त्याला कळतं.

आरशासमोर म्हणून बघितलं. फार लवकर हो म्हणाले. पुन्हा म्हटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ट्रंक भरली. दोन लुगडी चांगली, एक रोजचं. यांचा फोटो. कमलचं कापड. चमचा, वाटी, कारण सुनेच्या भांड्यात पहिल्या दिवशी हात घालू नये. चटई नाही घेतली, फोम आहे.

दुपारी ट्रंक डब्यात पलंगाखाली सरकवली. चालत्या डब्यात माणूस बसवायचा नाही हा नियम मला माहीत आहे. मी पुढे नंदूजवळ बसेन. ट्रंक मागे.

मालनला तुळशीला पाणी घालायला सांगितलं. सणावारी मी येईन म्हटलं. ती नुसती हो म्हणाली. माझ्या जाण्याचं तिने मनाला लावून घेतलं असणार.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी लवकर आंघोळ केली. हिरवं लुगडं नेसले.

नंदू आला. बरोबर मार्तंड म्हणून नवा क्लीनर, पन्नाशीचा, मिशीवाला. नंदू म्हणाला, आई, तू आज ओट्यावरच उभी राहा. मग स्वतः गुडघ्यावर बसून एकेक दगड हलवून बघितला. ग्रीस बघितलं. मार्तंड माझ्या जागेवर उभा राहिला. हात बरा करतो, पण डावीकडे सांगताना उशीर करतो.

मी ओट्यावरून हात करत होते. ओटा उंच आहे. आरशात मीही दिसत असणार.

खाट वाजलं. नंदूने हिसका दिला. डबा धरून राहिला. मार्तंडने वाकून खिळा बघितला, बोट वर केलं. नळ्या, वायरी, पाय वर. दगड शेवटी. सगळं नियमाने. मला एक शब्द बोलायला जागा ठेवली नाही.

मग नंदू शेवटचं बघायला डब्यात चढला. सुटं सामान आत राहू द्यायचं नाही, तोही नियमच. ट्रंक घेऊन उतरला. म्हणाला, आई, तुझी ट्रंक आत राहिली होती बघ. नेलीच असती आम्ही.

मी म्हटलं, घरात जागा नव्हती म्हणून ठेवली होती.

त्याने ती उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवली. म्हणाला, जड आहे गं, काय भरलंस? मी म्हटलं, जुनेर.

तो म्हणाला, हिरवं लुगडं नेसून कुठे निघालीस? मी म्हटलं, मालनबरोबर जायचंय.

मालन तिच्या दारात उभी होती. ती म्हणाली, हो, आम्हाला जायचंय, उशीर होतोय. चल गं मावशी.

नंदू म्हणाला, येईन सवडीने. डब्याची चावी मागितली. दिली. घोडा हळू निघाला. थोडं जाऊन थांबला, मार्तंड चढला, आणि गेला.

नाही म्हणायचं सगळं पाठ होतं. विचारलंच नाही.

मालनबरोबर कुठेतरी जावं लागलं. हायवेच्या नाक्यापर्यंत गेलो, चहा प्यायलो, परत आलो. ती रस्ताभर बोलत होती. मी म्हटलं, जरा गप्प बसशील? बसली.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. ऊन आलं खिडकीत. भरपूर. डोळ्यावर येतं, पडदा लावावा लागला.

ट्रंक उघडली नाही. जागच्या जागी बरी आहे, वर बसता येतं.

दगड इथेच राहिले. दोन मालनला दिले, पाटा अडकवायला. एक लोणच्याच्या बरणीवर ठेवला. एक माझ्या दाराला लावला, वाऱ्याने आपटतं म्हणून. दार रस्त्याकडे उघडं राहतं. हवा खेळती राहते.

जेवण एका माणसाचं केलं. थोडं जास्त झालं.

दुपारी तबेल्यात पेंढ्याचा ट्रक मागे घेत होते. जागा उतरती, ड्रायव्हर नवखा, चाकाला कुणी दगडही तयार ठेवला नव्हता. मी ओट्यावर उभी राहिले, आरशात दिसेन अशी. येऊ दे, येऊ दे, डावीकडे, बस म्हटलं, बस.

त्याचं लक्ष शिवदासकडे होतं. नवीन आहे. पुढच्या खेपेला बघेल.